कुलुपाकडून विलीनीकरणाकडे : आवृत्ती-नियंत्रण प्रणालींतील 'मर्ज कॉन्फ्लिक्ट'चा ऐतिहासिक अभ्यास (१९७२–२०२२)

प्रस्तावना

एकाच लेखनावर अनेक हात चालू लागले की एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. दोघांनी एकाच ओळीत भिन्न बदल केले, तर अंतिम प्रतीत कोणाची ओळ राहावी? संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना हा प्रश्न पाच दशकांपासून भेडसावत आहे. आज्ञावलीतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या आणि अनेकांचे बदल एकत्र आणणाऱ्या साधनांना आवृत्ती-नियंत्रण प्रणाली असे म्हणतात. दोन व्यक्तींचे बदल एकत्र करताना प्रणालीला निर्णय घेता आला नाही, म्हणजे ती थांबते आणि माणसाकडे विचारणा करते. या थांबण्यालाच व्यवहारात 'मर्ज कॉन्फ्लिक्ट' म्हटले जाते. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'विलीनीकरणातील संघर्ष' किंवा केवळ 'संघर्ष' असा शब्द वापरला आहे.

संगणकशास्त्राचे विद्यार्थी या संघर्षाकडे बहुधा बिघाड म्हणून पाहतात. पडद्यावर संघर्षाची सूचना उमटताच काहीतरी चुकले असे समजून ते घाईने एक बाजू पुसून टाकतात. पुसलेली बाजू पुष्कळदा सहकाऱ्याच्या कित्येक दिवसांच्या श्रमाची असते. या गैरसमजाचे मूळ साधनाच्या अपुऱ्या माहितीत आहेच. परंतु त्याहून अधिक ते साधनाच्या इतिहासाच्या अज्ञानात आहे. संघर्ष हा प्रणालीचा दोष नसून, जेथे यंत्राने अंदाज करू नये तेथे त्याने थांबावे, असा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. हा निर्णय कसा घडत गेला आणि त्याने मनुष्यावर कोणती जबाबदारी टाकली, याचा कालानुक्रमे शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कुलुपाचा कालखंड

आवृत्ती-नियंत्रणाच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः १९७२ पासून मानला जातो. त्या वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी 'सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम', संक्षेपाने एससीसीएस, ही प्रणाली तयार केली. प्रथम आयबीएमच्या मोठ्या संगणकावर असलेली ही प्रणाली लवकरच युनिक्सवर आली. १९७५ मध्ये रॉचकाइंड यांनी तिच्याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. एखाद्या फाइलच्या सर्व आवृत्त्या एकाच संचयात एकमेकींत गुंफून ठेवायच्या आणि हवी ती आवृत्ती मागताक्षणी काढून द्यायची, ही या प्रणालीची मुख्य कल्पना होती.

फाइल केवळ वाचण्यासाठी कोणालाही मिळे. परंतु बदल करण्यासाठी एकाने ती घेतली की तशी नोंद होई, आणि ती परत जमा होईपर्यंत दुसऱ्याला त्याच आवृत्तीत बदल करता येत नसे. म्हणजेच प्रणाली फाइलला कुलूप लावी. संघर्ष मिटवण्याचा हा सर्वांत सोपा उपाय होता, कारण दोघांनी एकाच वेळी लिहिण्याची शक्यताच त्यात नाहीशी केली होती.

पुढे १९८२ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी 'रिव्हिजन कंट्रोल सिस्टिम', म्हणजे आरसीएस, ही प्रणाली मांडली. तिच्यात सर्वांत नवी आवृत्ती पूर्ण स्वरूपात ठेवली जाई आणि जुन्या आवृत्त्या तिच्यापासूनच्या फरकांच्या रूपाने मागे मागे साठवल्या जात. सामान्यतः नवी आवृत्तीच अधिक वेळा लागते, त्यामुळे ही रचना वेगवान ठरली. कुलुपाची पद्धत मात्र येथेही कायम राहिली.

कुलुपाचा तोटा प्रत्यक्ष व्यवहारात दिसू लागला. एखादा सहकारी फाइल कुलूपबंद करून रजेवर गेला, तर इतरांचे काम अडून राही. आरसीएसमध्ये दुसऱ्याचे कुलूप तोडण्याची सोय होती. त्या वेळी प्रणाली तोडणाऱ्याकडून कारण लिहून घेई आणि ते कुलुपाच्या मूळ धारकाला ई-पत्राने कळवी. ही बारीकशी तरतूद अर्थपूर्ण आहे. संघर्ष कुलुपाने नाहीसा झाला नव्हता, तो केवळ मजकुरातून उठून माणसांमध्ये गेला होता. 'कोणती ओळ राहावी' या प्रश्नाच्या जागी 'लिहिण्याचा हक्क कोणाचा' हा प्रश्न आला होता.

तुलनेची साधने

कुलूप काढायचे, तर दोन प्रतींमधील फरक यंत्राला अचूक ओळखता यायला हवा. हे साधन याच काळात स्वतंत्रपणे आकार घेत होते. बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी तयार केलेली 'डिफ' ही आज्ञावली १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर उपलब्ध झाली. जेम्स हंट आणि मॅकिलरॉय यांनी १९७६ मध्ये तिच्यामागील गणिती पद्धत अहवालरूपाने मांडली. दोन फाइलींमध्ये त्याच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची सर्वांत मोठी मालिका शोधायची; तिच्याबाहेर जे उरेल तो फरक. १९८६ मध्ये यूजीन मायर्स यांनी याहून वेगवान पद्धत दिली आणि ती पुढे सर्वत्र रूढ झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. डिफचे एकक 'ओळ' हे आहे. ओळीचा अर्थ काय, ती सूत्र आहे की टीप, याच्याशी त्या साधनाला कर्तव्य नाही. ही मर्यादा हेतुतः स्वीकारलेली होती आणि तिच्यामुळेच हे साधन कोणत्याही भाषेतील मजकुराला लागू पडले. विलीनीकरणाचे बळ आणि त्याचे दौर्बल्य ही दोन्ही या एका निवडीतून निर्माण झाली.

१९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पॅच' ही आज्ञावली प्रसिद्ध केली. एकाने केलेल्या फरकाची यादी दुसऱ्याच्या प्रतीवर लागू करणे हे तिचे काम होते. दुसऱ्याची प्रत थोडी वेगळी असली, तरी आजूबाजूच्या ओळींचा संदर्भ पाहून ती बदलाची योग्य जागा शोधून काढी. जो तुकडा बसत नसे, तो ती नाकारलेल्या बदलांच्या वेगळ्या फाइलीत ठेवून देई. 'हे मला जमले नाही, आपण पाहावे' असे यंत्राने माणसाला सांगण्याची रीत येथे स्पष्टपणे दिसते.

सामाईक पूर्वजाची कल्पना

केवळ दोन प्रती समोर असतील तर फरक दिसतो, पण तो कोणी केला हे कळत नाही. एक साधे उदाहरण घेऊ. एका ग्रंथालयाच्या आज्ञावलीत पहिल्या प्रोग्रॅमरच्या प्रतीत 'विलंब शुल्क ५ रुपये' अशी ओळ आहे आणि दुसऱ्याच्या प्रतीत 'विलंब शुल्क १० रुपये' अशी. दुसऱ्याने शुल्क वाढवले की पहिल्याने ते कमी केले? दोन प्रती पाहून याचे उत्तर देणे अशक्य आहे. परंतु दोघांनी जिच्यापासून काम सुरू केले ती मूळ प्रत उपलब्ध असेल आणि तिच्यात ५ रुपये असतील, तर बदल दुसऱ्याने केला हे सिद्ध होते. पहिल्याने त्या ओळीला हात लावलेला नाही, म्हणून १० रुपये ही ओळ निःशंकपणे स्वीकारता येते.

यालाच त्रिमार्गी विलीनीकरण म्हणतात. त्यात दोन प्रती आणि त्यांचा सामाईक पूर्वज अशा तिघांची तुलना होते. तीन फाइलींची तुलना करणारी 'डिफ-थ्री' ही आज्ञावली १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत होती. आरसीएसमध्येही शाखा एकत्र करण्यासाठी याच पद्धतीचा उपयोग करण्यात आला. तिचे नियम थोडक्यात असे सांगता येतील. एकानेच बदल केला असेल तर तो स्वीकारावा. दोघांनी अगदी सारखाच बदल केला असेल तर तो एकदाच घ्यावा. दोघांनी एकाच जागी भिन्न बदल केले असतील तर निर्णय घेऊ नये. मूळ ५ रुपये असताना एकाने ७ केले आणि दुसऱ्याने १०, तर यंत्र सरासरी काढत नाही किंवा नंतर आलेल्याला झुकते मापही देत नाही. ते दोन्ही ओळी फाइलीत ठेवते. वर सात डाव्या कोनी चिन्हांची ओळ, मध्ये सात समान-चिन्हांची आणि खाली सात उजव्या कोनी चिन्हांची ओळ घालून ते वादाची जागा आखून देते.

मराठी वाचकाला ही कल्पना सर्वस्वी अपरिचित नाही. एकनाथांनी इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती ताडून पाठशुद्धी केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. पाठचिकित्सेतही परस्परांहून भिन्न प्रतींवरून त्यांच्या सामाईक पूर्वजाचा विचार केला जातो. भेद इतकाच, आणि तो महत्त्वाचा, की पाठचिकित्सकाचा पूर्वज हरवलेला असतो आणि त्याला तो अनुमानाने उभा करावा लागतो. आवृत्ती-नियंत्रणात पूर्वज जपून ठेवलेला असतो. त्यामुळे कोणी काय बदलले याविषयी अनुमानाला जागा उरत नाही. का बदलले, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे माणसालाच सोडवावा लागतो.

कुलूप निघते : सीव्हीएस

त्रिमार्गी विलीनीकरण हे अपवादात्मक प्रसंगी वापरायचे साधन न राहता दैनंदिन कामाची रीत झाले ते ॲमस्टरडॅममध्ये. तेथील फ्री विद्यापीठात डिक ग्रून हे दोन विद्यार्थ्यांसह सी भाषेच्या संकलकावर, म्हणजे कंपायलरवर, काम करीत होते. तिघांच्या कामाच्या वेळा जुळत नव्हत्या. एक विद्यार्थी नियमित वेळेत काम करी, दुसऱ्याची वेळ अनियमित होती आणि स्वतः ग्रून यांना संध्याकाळीच सवड मिळे. अशा स्थितीत कुलूप लावणे म्हणजे काम थांबवणेच होते. म्हणून त्यांनी आरसीएसच्या वर बसणाऱ्या काही लहान आज्ञावलींचा संच तयार केला आणि १९८६ मध्ये तो यूजनेटवर प्रसिद्ध केला. हीच 'कन्करंट व्हर्जन्स सिस्टिम', म्हणजे सीव्हीएस. १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी ती सी भाषेत नव्याने रचली आणि १९९० च्या यूसेनिक्स परिषदेत तिची मांडणी केली.

सीव्हीएसचा नियम सोपा होता. प्रत्येकाने स्वतःची प्रत घ्यावी आणि हवे ते बदल करावेत. जो आधी जमा करील त्याचे बदल सरळ भांडारात जातील. नंतर येणाऱ्याला मात्र आधी भांडारातील नवे बदल स्वतःच्या प्रतीत उतरवून घ्यावे लागतील आणि संघर्ष झाल्यास तो मिटवूनच जमा करता येईल. म्हणजे संघर्ष सोडवण्याचे ओझे उशिरा येणाऱ्यावर, आणि तेही त्याच्या खाजगी प्रतीत. सामाईक भांडार त्या गोंधळापासून अलिप्त राही.

येथे दृष्टिकोनातील बदल पूर्ण झाला. संघर्ष होईल या भीतीने सर्वांना आधीच रोखण्याऐवजी सर्वांना लिहू द्यावे आणि संघर्ष झालाच तर नंतर सोडवावा, असा हा विश्वास होता. निरनिराळ्या देशांतील, एकमेकांना कधीही न भेटलेल्या स्वयंसेवकांनी मुक्त सॉफ्टवेअर घडवण्याच्या चळवळीला ही पद्धत विशेष उपकारक ठरली. जगाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेल्या सहकाऱ्याचे कुलूप उघडण्याची वाट पाहणे तेथे परवडणारे नव्हते.

स्मृतीचा अभाव

सीव्हीएसमध्ये एक गंभीर उणीव होती. एखादी शाखा मुख्य प्रवाहात विलीन केली, तरी 'विलीनीकरण झाले' ही गोष्ट प्रणाली लक्षात ठेवीत नसे. काही आठवड्यांनी तीच शाखा पुन्हा विलीन करू गेल्यास प्रणाली जुन्याच पूर्वजापासून तुलना सुरू करी आणि आधी मिटवलेले संघर्ष पुन्हा समोर येत. म्हणून आपण कोठपर्यंत विलीन केले आहे याची खूण प्रोग्रॅमरला हाताने करून ठेवावी लागे. परिणामी शाखा काढणे सोपे असले तरी ती परत आणणे जिकिरीचे झाले, आणि पुष्कळ संघ शाखा काढण्याचेच टाळू लागले.

कोलॅबनेट या कंपनीच्या पुढाकाराने २००० मध्ये सुरू झालेल्या आणि २००४ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झालेल्या 'सबव्हर्जन' या प्रणालीने सीव्हीएसमधील अनेक उणिवा दूर केल्या. अनेक फाइलींतील बदल एकसंधपणे जमा करणे तिच्यामुळे शक्य झाले. परंतु कोणते बदल विलीन झाले याची आपोआप नोंद तिच्यात २००८ मधील १.५ या आवृत्तीपासूनच होऊ लागली. तोपर्यंत इतिहासाने दुसरे वळण घेतले होते.

२००५ चे वळण

लिनक्सच्या गाभ्याच्या विकासासाठी २००२ पासून लॅरी मॅकव्हॉय यांची 'बिटकीपर' ही विकेंद्रित प्रणाली वापरली जात होती. ती व्यापारी प्रणाली असून मुक्त सॉफ्टवेअरच्या विकासकांना अटींवर विनामूल्य दिली जाई. मुक्त सॉफ्टवेअरच्या समर्थकांपैकी अनेकांना ही व्यवस्था मान्य नव्हती. अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरशी संवाद साधू शकणारे स्वतंत्र साधन तयार करण्याचा प्रयत्न केला, आणि एप्रिल २००५ मध्ये ही विनामूल्य सवलत मागे घेतली जात असल्याचे जाहीर झाले. लायनस टोरवाल्ड्स यांनी त्याच महिन्यात 'गिट' या नव्या प्रणालीचे काम सुरू केले. जून २००५ मधील लिनक्स २.६.१२ ची गाभा-आवृत्ती गिटच्या साहाय्याने प्रसिद्ध झाली. जुलैमध्ये गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवण्यात आली. याच सुमारास 'मर्क्युरिअल' ही प्रणालीही याच गरजेतून जन्मास आली.

गिटमध्ये प्रत्येक नोंदीला आपल्या आधीच्या नोंदींची ओळख असते, आणि विलीनीकरणाच्या नोंदीला एकाहून अधिक पूर्वज असतात. त्यामुळे विलीनीकरण हेच इतिहासाचा भाग झाले आणि पुढील वेळी सामाईक पूर्वज कोठे शोधायचा हे प्रणालीला आपोआप कळू लागले. सीव्हीएसची स्मृतीची उणीव येथे भरून निघाली. शाखा काढण्यापेक्षा ती विलीन करणे सुकर होणे महत्त्वाचे, अशी भूमिका टोरवाल्ड्स यांनी २००७ मध्ये गुगलमधील व्याख्यानात मांडली होती.

संघर्ष झाल्यास गिट त्या फाइलीच्या तिन्ही प्रती, म्हणजे पूर्वज, आपली आणि समोरची, क्रमाने १, २ आणि ३ या स्थानांवर राखून ठेवते. दोन शाखांनी एकमेकींतील बदल आडवेतिडवे घेतले असतील, तर एकाहून अधिक सामाईक पूर्वज निघू शकतात. अशा वेळी त्या पूर्वजांचेच आधी विलीनीकरण करून एक कल्पित पूर्वज उभा करण्याची 'रिकर्सिव्ह' पद्धत २००५ मध्येच गिटमध्ये आली. २०२१ मध्ये, २.३४ या आवृत्तीपासून, तिची जागा एलायजा न्यूरेन यांनी नव्याने लिहिलेल्या 'ऑर्ट' या अधिक वेगवान पद्धतीने घेतली. तथापि मूळ तत्त्व बदलले नाही. दोघांनी एकाच जागी भिन्न लिहिले असेल, तर निर्णय माणसाचाच.

यंत्राला न दिसणारा संघर्ष

येथवरच्या विवेचनावरून असा समज होऊ शकेल की, संघर्षाची सूचना आली नाही म्हणजे सर्व ठीक आहे. हा समज अधिक घातक आहे. पुन्हा ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. एका प्रोग्रॅमरने विलंबाची गणना दिवसांऐवजी आठवड्यांत करण्यासाठी आज्ञावलीच्या आरंभी बदल केला. दुसऱ्याने त्याच वेळी शेवटी एक नवा नियम जोडला, ज्यात विलंब दिवसांत आहे असे गृहीत धरले होते. दोन्ही बदल भिन्न ओळींत असल्यामुळे विलीनीकरण निर्वेध पार पडते. सूचना येत नाही, चिन्हे उमटत नाहीत. पण आकारले जाणारे शुल्क चुकीचे असते. ओळींमध्ये संघर्ष नसून तो अर्थामध्ये आहे.

अभ्यासकांना या मर्यादेची जाणीव प्रारंभापासून होती. १९८९ मध्ये सुझन हॉरविट्झ, यान प्रिन्स आणि टॉमस रेप्स यांनी ओळींऐवजी आज्ञावलीच्या भागांचे परस्परावलंबन तपासून विलीनीकरण करण्याची पद्धत मांडली. ती मर्यादित स्वरूपाच्या सोप्या भाषेपुरती होती. खुद्द डिफ-थ्रीच्या पद्धतीचे औपचारिक विश्लेषण बऱ्याच उशिरा, २००७ मध्ये, संजीव खन्ना, केशव कुणाल आणि बेंजामिन पिअर्स यांनी नवी दिल्ली येथील परिषदेत सादर केले. दोन बदल एकमेकांपासून दूर असले म्हणजे संघर्ष होणार नाही, अशी सहज वाटणारी खात्रीही या पद्धतीविषयी सरसकट देता येत नाही, त्यासाठी अधिक अटी लागतात, असे त्यांनी दाखवून दिले. जे साधन जवळजवळ तीन दशके जगभर वापरात होते, त्याच्या वर्तनाची नेमकी हमी तोपर्यंत कोणी तपासली नव्हती, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

दुसरा अदृश्य धोका संघर्ष सोडवताना उद्भवतो. गिटमध्ये 'आपली' आणि 'त्यांची' अशा दोन बाजू असतात. परंतु आपले बदल उचलून दुसऱ्या शाखेच्या टोकावर पुन्हा रचण्याच्या, म्हणजे 'रीबेस'च्या, प्रक्रियेत या नावांचा अर्थ उलटतो. तेथे 'आपली' ही ज्या शाखेवर बदल रचले जात आहेत तिची बाजू असते, आणि 'त्यांची' म्हणजे प्रत्यक्षात स्वतःचे काम असते. हे न जाणता 'आपली' बाजू निवडणारा विद्यार्थी स्वतःचेच लेखन पुसून टाकतो. शिवाय विलीनीकरणाच्या नोंदीतील फरक इतिहास चाळण्याच्या नेहमीच्या आज्ञेत आपोआप दाखवला जात नाही. परिणामी संघर्ष मिटवताना गळालेली सहकाऱ्याची ओळ कोठे आणि कधी गेली, हे शोधणे कठीण होते. एप्रिल २०२२ मधील गिटच्या २.३६ या आवृत्तीत 'रीमर्ज-डिफ' ही सोय आली. प्रणाली तेच विलीनीकरण स्वतः पुन्हा करून पाहते आणि माणसाने त्यात काय फेरफार केले ते दाखवते. संघर्ष मिटवणाऱ्याचा निर्णयही तपासता यावा, ही अपेक्षा त्यातून साकार झाली.

देवनागरी मजकुराचा प्रश्न

मराठीत मजकूर लिहिणाऱ्या व आज्ञावलींचे मराठीकरण करणाऱ्या मंडळींना या विषयाचे आणखी एक अंग परिचयाचे होते. 'दुसऱ्या' किंवा 'वाऱ्यावर' यांसारख्या शब्दांतील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडले जाते. दुसऱ्या प्रकारात साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. परंतु गिट संगणकातील संकेतांची तुलना करते, डोळ्यांना दिसणाऱ्या आकारांची नव्हे. त्यामुळे निरनिराळे कळफलक वापरणाऱ्या दोघांनी एकाच ओळीत तोच शब्द घातला, तरी संघर्षाची सूचना येऊ शकते, आणि दोन्ही बाजू अक्षरशः एकसारख्या दिसत असल्यामुळे वाचणारा चक्रावून जातो.

दुसरी अडचण गद्याची आहे. आज्ञावलीत ओळी लहान असतात. गद्यात मात्र पुष्कळदा संपूर्ण परिच्छेद हीच साधनाच्या दृष्टीने एक ओळ असते. परिच्छेदाच्या आरंभी एकाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि शेवटी दुसऱ्याने एक आकडा बदलला, तरी संपूर्ण परिच्छेद वादग्रस्त ठरतो. म्हणून अशा कामात प्रत्येक वाक्य स्वतंत्र ओळीवर लिहिणे आणि सर्वांनी एकच कळफलक-रचना ठरवून घेणे हितावह असते. १९७४ मध्ये 'ओळ' हे एकक निवडले गेले, त्याचे पडसाद मराठीच्या लेखनापर्यंत पोहोचतात ते असे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. संघर्ष कोणत्याही प्रणालीने नाहीसा केलेला नाही, त्याची जागा मात्र बदलत गेली. एससीसीएस व आरसीएसमध्ये तो लेखनापूर्वी, म्हणजे कुलुपाच्या रूपाने उभा राही. सीव्हीएसनंतर तो लेखनानंतर, विलीनीकरणाच्या वेळी येऊ लागला.

२. विलीनीकरण शक्य झाले ते सामाईक पूर्वज जपल्यामुळे. ज्या प्रणालीने इतिहास जितका पूर्ण जपला, तिच्यात निरर्थक संघर्ष तितके कमी झाले. सीव्हीएस आणि गिट यांच्यातील भेद मुख्यतः स्मृतीचा भेद आहे.

३. यंत्र ओळींची तुलना करते, हेतूंची नाही. म्हणून सूचना नसणे हा बिनचूकपणाचा पुरावा मानता येत नाही. विलीनीकरणानंतर आज्ञावलीची चाचणी घेणे अपरिहार्य आहे.

४. संघर्ष सोडवणे हे लेखनाइतकेच जबाबदारीचे काम आहे. पूर्वज-प्रत पाहणे, दोन्ही बदलांमागील हेतू समजून घेणे आणि हेतू न उमगल्यास ती ओळ लिहिणाऱ्या सहकाऱ्याशी बोलणे, हा त्याचा योग्य क्रम होय.

महाविद्यालयांतून आवृत्ती-नियंत्रण शिकवताना आज्ञांची यादी पाठ करून घेण्यावर भर असतो आणि संघर्षाचा विषय बहुधा शेवटच्या तासासाठी राखून ठेवला जातो. तो आरंभी शिकवला जावा, असे येथे सुचवावेसे वाटते. दोन विद्यार्थ्यांना मुद्दाम एकाच ओळीत भिन्न बदल करावयास लावून, पूर्वज-प्रतीसह तिन्ही प्रती त्यांच्यासमोर ठेवल्या आणि परस्परांशी बोलून एक ओळ ठरवण्यास सांगितले, तर साधनाचे मर्म त्यांना एका तासात उमगेल. सात चिन्हांची ती ओळ पडद्यावर उमटते, तेव्हा याच जागी आणखी कोणीतरी विचार करून काही लिहिले आहे, एवढेच यंत्र सांगत असते. ते कोणी आणि कशासाठी लिहिले, हे विचारणे आपल्याकडे उरते.